वाफेतला हात

खिडकीची काच तिने तिसऱ्यांदा पुसायला घेतली. आधी गरम पाणी, मग साबण, आता पुन्हा गरम पाणी. आणि चौकटीच्या कोपऱ्यांत नखाने खुपसलेलं कोरडं फडकं. कारखान्यात टाक्या धुणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहून ती जेवढी किरकिर करायची, तेवढी आज तिने स्वतःच्याच मागे लावली. मग काचेला नाक लावून तिने ‘हाऽ’ केलं. वाफ सगळीकडे सारखी धरली. कुठे बोट नाही, तळवा नाही. ती वाफ विरून जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने बादली ओतली, फडकं पिळलं आणि वाळत न घालता तसंच ओलं पिशवीत कोंबलं. चोराच्या मनात चांदणं.

बाबा दादाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. दादा, तिचा थोरला भाऊ, दोन दिवसांसाठी लांबून आला होता आणि त्याने वडिलांना जवळजवळ उचलूनच तीन जिने उतरवले होते. चार महिन्यांत बाबा खाली उतरण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ते एकटेच उतरले आणि परत येताना मधल्याच पायरीवर बसून राहिले. खालच्या काकूंना सापडले. घर रिकामं मिळायची अशी संधी पुन्हा आली नसती.

काचेवरचा हात आईचा होता.

बाहेर गारठा असला आणि घरात चहाचं आधण किंवा आंघोळीचं पाणी तापत असलं की त्या खिडकीवर वाफ धरायची. सगळी काच दुधाळ व्हायची आणि तिच्यात पंज्याएवढी जागा तेवढी लख्ख राहायची. पाच बोटं, तळवा आणि बाहेरच्या अंगाला वाकलेली करंगळी. त्या हातातून खालचा रस्ता दिसायचा, कोपऱ्यावरचा दिवा दिसायचा. वाफ गेली की हातही जायचा. आईला जाऊन चार महिने झाले होते.

घरातलं माणूस गेल्यावर ते कुणाला दिसलं तर त्यात नवल नाही. पण हे भूत कशाचं बनलंय तेही तिला ठाऊक होतं, आणि पंचाईत तीच होती.

कारखान्यात तिला तारवाली म्हणत. तिथे उंच पोलादी टाक्यांत साखरेचं पाणी आंबवतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू ते दोन-तीन दिवस खातात, आणि खाता खाता एक बुळबुळीत पदार्थ अंगातून सोडतात. तो गाळून, धुऊन, वाळवून त्याची पांढरी पूड होते आणि ती जपानला जाते, तिथल्या बायकांच्या गालांना लावायच्या क्रीममध्ये. चिमूटभर पूड तांब्याभर पाणी धरून ठेवते आणि सोडत नाही, अशी तिची ख्याती. काचेवर तिचा थर बसला तर तेवढ्या जागी वाफ धरत नाही. डब्यावर तिचं नाव दीड ओळीचं आहे. कारखान्यात मात्र साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला लाळ म्हणतात. टाकीतली लाळ तयार झाली की नाही हे सांगणं तारवालीचं काम: काचेची कांडी बुडवायची, वर उचलायची आणि तार किती लांब येते ते बघायचं. त्याला यंत्रंही आहेत. पण यंत्राने हो म्हटलं तरी साहेब म्हणायचे, “तारवालीला विचारा.”

आईही तिथलीच. बाटल्या भरायच्या खात्यात तिने तीस वर्षं काढली. हातमोज्यांचा नियम यायच्या आधीची ती, आणि नियम आल्यावर तो हटकून विसरणारी. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं झालं तरी तिचे हात शेवटपर्यंत मऊ राहिले. “हात जपानचे आहेत माझे,” ती म्हणायची, “तोंड तेवढं इथलं.” उजवी करंगळी पहिल्याच वर्षी झाकणं लावायच्या यंत्रात सापडली होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.

शेवटच्या आजारपणात तिला श्वास पुरेना. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली होती. तारवाली कारखान्यातून पातळ केलेल्या लाळेची छोटी बाटली आणून द्यायची, आणि दिवे लागायच्या वेळेला आई दोन थेंब हातांवर चोळत बसायची. सगळं गेलं तरी हात तेवढे राहू देत, म्हणायची. त्या संध्याकाळी बाबा औषध आणायला खाली गेले होते. तारवाली सहाला यायची होती. पण चार नंबरच्या टाकीला फेस आला, “तारवालीला विचारा” झालं, आणि ती पोचली आठला. तोवर सगळं आटोपलं होतं. आई अंथरुणात नव्हती. खिडकीखाली, भिंतीला टेकून बसली होती.

त्या खिडकीची कडी वर्षभर अडकलेली होती. रंग दिला तेव्हा ती रंगातच चिकटली, आणि बाबा आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले. बाबा म्हणजे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या. घरची कडी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कडीबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. टाकीबद्दल ती कधी बोलली नाही.

आठ-दहा दिवसांनी काचेवर पहिल्यांदा वाफ धरली आणि हात दिसला, तेव्हा बाबा खुर्चीवरून ताडकन उठले होते.

“बघ,” ते म्हणाले. “मी खाली गेलो की ती खिडकीत यायचीच. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत मला नजरेने सोडायची. त्या दिवशीही उठून आली बघ.”

तिने मान डोलावली. पण तिला दिसला तो हात वेगळा होता. वाट बघणाऱ्याचा हात काचेवर टेकलेला असतो. हा रेटलेला होता. बोटं फाकलेली, तळव्याचा खालचा भाग जाड उमटलेला, आणि जागा नेमकी कडीच्या शेजारी. आईला कुणाकडे बघायचं नव्हतं. आईला खिडकी उघडायची होती. हे ती बोलली नाही. बोलून कुणाचं भलं होणार होतं? पण तेव्हापासून डोळे मिटले की तो हात रेटायला लागायचा, आणि मागे कुठेतरी चार नंबरच्या टाकीचा फेस सळसळत असायचा.

बाबांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली ती ओढलीच. तीन जिने आता बंद, डॉक्टरांनी बजावलं. गुडघे आणि छाती दोन्ही साथ देणार नाहीत. तारवालीचं घर तळमजल्यावर होतं, दोन खोल्यांचं, आणि त्यातली एक रिकामीच. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. ती दर आठवड्याला म्हणायची, चला. बाबांचंही दर आठवड्याला तेच.

“ती इथे येते. मी तिथे येऊन काय करू?”

जेवण ताटात तसंच राहायचं. अंगावरचा सदरा दोन मापांनी मोठा झाला होता. एकदा खालच्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं.

“बाबा तुझे संध्याकाळी काचेशी बोलतात गं,” त्या म्हणाल्या. “मला काही म्हणायचं नाही. पण एक दिवस तेही तसेच सापडतील हो, खिडकीखाली.”

हे बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. शिवाय एक गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. काचेवर लाळेचा थर टिकतो तरी किती? दहा-बारा वेळा वाफ धरली की धुऊन जातो. कारखान्यात काचेच्या पट्ट्यांवर तिने स्वतः करून पाहिलं होतं. एक दिवस हात आपोआप फिका पडेल, बाबांची आशा हळूहळू सुटेल आणि ते येतील, असं धरून ती थांबली होती. चार महिने झाले. हात होता तसाच होता. म्हणून आज तिने बादली उचलली.

जिन्यात दादाचा आवाज आला. बाबांना खुर्चीत बसवून तो स्वयंपाकघरात आला, घटाघटा पाणी प्यायला आणि हळू आवाजात म्हणाला, “डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचंही खरं नाही. डॉक्टर मलाच ओरडले. म्हणे, या वयात यांना इतकं बारीक काम कशाला करू देता?”

“बारीक काम? दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली.”

“तेच म्हटलं मी. डॉक्टर बाबांकडे बघतायत आणि बाबा छताकडे.”

तिने ते तेवढ्यावरच सोडलं. तिचे कान बाहेरच्या खोलीकडे होते. हवा कोरडी होती, काच नितळ होती, आणि बाबा तिच्यासमोर रोजच्यासारखे बसले होते.

चौथ्या दिवशी गारठा पडला. ती कारखान्यातून थेट तिकडे गेली आणि तिने चहाला मुद्दाम मोठं पातेलं ठेवलं. वाफ धरेल, हात दिसणार नाही, आणि मग ती म्हणणार होती, आई गेली, बाबा, आता चला. वाक्य तिने वाटेवर चार-पाच वेळा घोळवलं होतं. काच कडेकडेने दुधाळ होत गेली. कडीपाशी येऊन वाफ थांबली. आधी तळवा, मग एकेक बोट, आणि शेवटी वाकडी करंगळी.

तिच्या हातातला चमचा खाली पडला.

“आली,” बाबा म्हणाले, दूधवाला आल्यासारखं. “मधे दोन दिवस नव्हती आली.”

तीनदा पुसलं होतं. कोपऱ्यांतसुद्धा नख घातलं होतं. जंतूंचं ती समजू शकत होती, पाण्याचं समजू शकत होती. याचं काय समजायचं? त्या संध्याकाळी आईला ती हवी होती, आणि ती टाकीचा फेस बघत उभी राहिली होती. आता आई तिला बोलवायची थांबणार नव्हती. तो हात काचेला रेटत नव्हताच, तो आपल्याला रेटतोय, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. चहा न घेता ती निघाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने काचेच्या पट्टीवर आपला अंगठा लाळेत बुडवून उमटवला, गरम पाण्याने आणि साबणाने पुसला, किटलीच्या वाफेवर धरला. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. टाकीवर काम करणारे मामा मागे येऊन उभे राहिले होते.

“काय गं, जपानवाल्यांची काही तक्रार?”

“मामा, पुसलेली लाळ परत येते कधी?”

“पगार झाल्यावर माझा मेव्हणा येतो,” मामा म्हणाले. “बाकी गेलेलं काही परत आलेलं मी पाहिलं नाही.”

एरवी ती हसली असती.

रविवारी सकाळी ती लवकर गेली. दार काकूंकडच्या किल्लीने उघडलं. बाबा आंघोळीला गेले होते. कोरडं ऊन तिरपं काचेवर पडलं होतं. टाकीच्या भिंतीवरचे डाग शोधताना वाकवते तशी मान वाकवून तिने काचेकडे बघितलं, आणि उन्हात तो हात दिसला, वाफेशिवाय, अगदी अंधूक. तो उमटलेला नव्हता. तो भरलेला होता. केसाएवढ्या रेघा, एकीला एक लागून, सगळ्या एकाच दिशेने, आणि बोटाच्या कडेशी आल्या की तिथेच थांबणाऱ्या. अशा रेघा मारणारी माणसं जगात फार नसतात, आणि त्यातलं एक आत अंगावर पाणी घेत होतं.

बाबांचा अवजारांचा डबा पलंगाखाली होता. भिंग वरच ठेवलेलं. त्याच्या शेजारी घड्याळाच्या चाकांना तेल घालायची सुई, आणि तिनेच आईला आणून दिलेली बाटली. तळाशी बोटभर लाळ उरली होती. सुईचं टोक तिने बोटांत धरून ओढलं. बारीक तार आली, लांब, तुटता तुटेना.

आधी तिला राग आला, खराखुरा राग. तीन रात्री तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता, आणि हा माणूस ‘आली’ म्हणून मोकळा झाला होता! मग तिला ती संध्याकाळ दिसली, तिने काच पुसली त्यानंतरची. बाबांनी घरात पाणी तापत ठेवलं असेल, वाट बघितली असेल, आणि काच सबंध पांढरी होताना बघितली असेल. कुणी पुसली हे कळायला त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. ते एका शब्दाने बोलले नाहीत. उरलेल्या एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो हात पुन्हा पहिल्यापासून काढला होता, आठवणीने, करंगळीसकट. मग मात्र तिला रडू आलं. ते तिने आतल्या नळाच्या आवाजात उरकून घेतलं आणि डबा होता तसा परत ठेवला.

बाबा टॉवेलने कान पुसत बाहेर आले.

“बाबा, त्या दिवशी काच मी पुसली होती.”

“माहीत आहे.” त्यांनी दुसरा कान पुसायला घेतला. “कोपरेसुद्धा पुसलेस. इतक्या वर्षांत तुझ्या आईने कधी कोपरे पुसले नव्हते.”

“पुन्हा नाही पुसणार.”

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि खिडकीकडे बघितलं. मग उजवा झाकला.

“करंगळीच अवघड आहे,” ते म्हणाले. “बाकीची बोटं जमतात. तिचं ते वळण आहे ना... या वेळी दोनदा चुकली. पुढच्या खेपेला जमेलसं वाटत नाही मला.”

तिने त्यांच्या हातातला ओला टॉवेल घेऊन दोरीवर टाकला.

“तुझ्याकडच्या खिडकीची कडी चालते का गं?”

“चालते, बाबा.”

“मग येतो.”

सामान हलवणाऱ्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. “घड्याळ समजून न्या,” बाबा त्यांना म्हणाले, “आपटू नका.” अवजारांचा डबा मांडीवर घट्ट धरलेला. तारवालीने शेवटची नजर फिरवली तेव्हा बाटली खिडकीच्या कठड्यावर होती. ती विसरून राहिलेली नव्हती. नीट मधोमध ठेवलेली होती, झाकण घट्ट लावून. तिने ती उचलली आणि पर्समध्ये टाकली.

तिच्या घरी पोचल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते खिडकीची कडी सरकवून बघायचं. उघडली, लावली, उघडली, लावली. मग म्हणाले, “बरी आहे.” नंतरच्या दिवसांत ते अंगणापर्यंत जाऊन यायला लागले, जेवण दोन घास वाढलं. पण दिवे लागले की खुर्ची खिडकीकडे वळायचीच. वाफ धरायची, काच सबंध पांढरी व्हायची, आणि बाबा त्या पांढऱ्याकडे बघत बसायचे. ते काही मागत नव्हते. त्यांनी मागितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

एक दिवस कामाला निघण्याआधी, बाबा अजून झोपेत होते तेव्हा, तिने पर्समधली बाटली काढली. दोन थेंब तळहातावर घेऊन आई चोळायची तसे चोळले. तिच्या आणि आईच्या हातमोज्यांचं माप एकच होतं. तिने उजवा हात काचेवर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि उशीर होतोय म्हणून निघाली.

त्या संध्याकाळी चांगलाच गारठा होता. ती चहाचं आधण ठेवून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे बाबांची खुर्ची करकरली.

“करंगळी सरळ आलीय,” बाबा म्हणाले.

तिचे कान तापले. ती वळली नाही.

“लक्षातच आलं नाही माझ्या. उद्या नीट करते.”

“नको.”

आता ती वळली. बाबा उठून काचेजवळ गेले होते. उघड्या पाठीच्या घड्याळात बघावं तसे ते एका डोळ्याने, नाक काचेला लागेल इतक्या जवळून बघत होते. न टेकवता त्यांनी बोट त्या हाताच्या बोटांवरून फिरवलं आणि तळव्याच्या खालच्या भागाशी थांबवलं.

“तिचा रेटलेला होता,” ते म्हणाले. “हा नुसता टेकलाय.”

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि तरी ते रेघेला रेघ लावून तेच पुन्हा पुन्हा काढत बसले होते. आधण उतू जाऊन शेगडीवर सळसळलं. तिने गॅस बंद केला.

“उघडू का खिडकी?”

“थांब,” बाबा म्हणाले. “मी उघडतो.”

कडी पहिल्याच झटक्यात सरकली. गार हवा आत आली. काचेवरची वाफ कडेकडेने आटत गेली, आणि तो हात बाहेरच्या रस्त्यात, दिव्यांत मिसळून दिसेनासा झाला. बाबा कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. दोघांनीही पोटभर श्वास घेतला.

“चहा आण,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “गार होईल.”